हेडफोन ॲम्पला स्पीकर लावले, तर गायकच गायब!

तळमजला (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, जरा डोकं लावा. माझ्या टेबलावर कॉम्प्युटरला जोडलेला एक डबा आहे, डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा) आणि हेडफोन ॲम्प एकातच. त्यावर सेनहायझरचा एचडी ६०० ऐकतो, ३०० ओहमवाला. दोन वर्षं मजेत चाललंय. पण बाबांना हेडफोन नको. "कान झाकून कसलं गाणं ऐकता रे?" म्हणून मागच्या आठवड्यात एकाने घरचा स्टुडिओ मोडला, त्याच्याकडून वापरलेले दोन ॲक्टिव्ह मॉनिटर आणले. ॲम्प त्यांच्या पोटातच आहे. मागे प्रत्येकी एक जाड पिनेचं भोक आणि एक कॅनन (तीन पिनांचं, एक्सएलआर). आरसीए (टीव्हीच्या मागे असतात तशी गोल भोकं) नाही.

हेडफोन ॲम्पला आवाजाचं बटण आहेच, तर तोच प्रीॲम्प (स्पीकरच्या ॲम्पआधी आवाज कमी-जास्त करणारा डबा) म्हणून वापरू, असा बेत. लॅमिंग्टन रोडवरून जाड पिन ते जाड पिन अशी दणकट केबल आणली. सध्या एकच, म्हटलं आधी एका स्पीकरवर बघू.

बाबांची फर्माईश आकाशवाणीच्या जमान्यातल्या एका भावगीताची. लावलं. स्पीकर मुका! बटण पार शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठून तरी लांबून खरखर आणि 'स', 'श' यांची सळसळ तेवढी आली. मग अलीकडचं एक गाणं लावलं. त्यात वाद्यं आली, कोरस आला, पण मुख्य गायिका शेजारच्या बिल्डिंगच्या बाथरूममध्ये गातेय असं वाटत होतं. हेडफोनवर हीच दोन्ही गाणी ठणठणीत.

ऑफिसातला मित्र म्हणतो, हेडफोन ॲम्प प्रीॲम्प म्हणून चालतच नाही, इम्पिडन्स (ओहममध्ये मोजतात तो विरोध) जुळत नाही, गपगुमान वीस हजारांचा प्रीॲम्प घे. खरं का?

बॅटरी_सेल | शनिवार, रात्री ११:१८

जुन्या गायकांना एकाच स्पीकरवर बोलावलंत, हा अपमान वाटला असेल. दुसरा लावा, येतील.

कानसेन | शनिवार, रात्री ११:४२

तुमच्या मित्राचं बरोबर आहे. हेडफोन ॲम्प बनवलेला असतो हेडफोनसाठी, म्हणजे ३२ ते ६०० ओहमच्या भारासाठी. तुम्ही त्याला स्पीकरच्या इनपुटशी भिडवलंत, तिथे भार १० हजार ओहमचा. जिथे तिथे आपलं काम ज्याने त्याने करावं. माझ्याकडे स्वतंत्र व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीॲम्प आहे, आणि एकदा ते ऐकलं की माणूस परत फिरत नाही.

सोल्डर_तात्या | रविवार, सकाळी ६:५५

तळमजला, एकच सांगा. त्या केबलच्या पिनेवर काळे पट्टे किती आहेत? एक की दोन?

तळमजला | रविवार, सकाळी ९:३०

दोन पट्टे, दोन्ही टोकांना. दुकानदार म्हणाला स्टिरिओ घ्या, मोनोपेक्षा भारी.

सोल्डर_तात्या | रविवार, सकाळी १०:०५

वाटलंच. भूत सापडलं. तुमचा ॲम्प निर्दोष, स्पीकर निर्दोष, दुकानदारही तसा निर्दोष. त्याला तुम्ही कशाला लावणार हे सांगितलं नसणार.

दोन पट्ट्यांच्या पिनेचे तीन भाग होतात: टोक, मधलं कडं आणि मागचा दांडा. हेडफोनच्या भोकात टोकावर डावा आवाज असतो, कड्यावर उजवा, आणि दांडा म्हणजे ग्राउंड. आता स्पीकरच्या मागचं भोक बघा. दिसायला अगदी तेच, पण ते स्टिरिओ नाही, बॅलन्स्ड आहे. तिथे टोक म्हणजे सरळ सिग्नल आणि कडं म्हणजे तोच सिग्नल उलटा. स्पीकरच्या आतलं सर्किट टोकातून कडं वजा करतं. वाटेत वायरीत जी घरघर शिरली ती दोन्हीत सारखीच असते, म्हणून वजाबाकीत जाते आणि गाणं उरतं. युक्ती मोठी झकास आहे.

तुम्ही मात्र टोकाला डावा आणि कड्याला उजवा दिलात. स्पीकरने इमानेइतबारे डाव्यातून उजवा वजा केला. जुनं भावगीत मोनो, म्हणजे डावीकडे उजवीकडे तंतोतंत एकच. पाचातून पाच गेले. जी सळसळ उरली ती टेपवरून उतरवताना दोन बाजूंत पडलेला किरकोळ फरक. नव्या गाण्यात गायिकेला बरोबर मध्ये बसवलेलं असतं, दोन्हीकडे सारखं, म्हणून ती गेली. कोरस आणि वाद्यं कडेला असतात, ती राहिली. तिचा घुमारा दोन बाजूंना वेगवेगळा असतो म्हणून तोही राहिला, तेच तुमचं बाथरूम. गाण्यातला गायक काढून कॅराओके करायची जुनी युक्ती हीच. तुम्ही ती फुकटात केलीत.

बॅटरी_सेल | रविवार, सकाळी १०:११

तात्या, साष्टांग. म्हणजे मी म्हटलं ते पन्नास टक्के बरोबर होतं. गायक खरंच गेले होते.

तळमजला | रविवार, सकाळी १०:२०

आई शप्पथ. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "पाचातून पाच" हे बरं समजलं. मग केबल कुठली घेऊ?

सोल्डर_तात्या | रविवार, दुपारी १२:४०

एका टोकाला एक स्टिरिओ जाड पिन, तीच एकटी हेडफोनच्या भोकात. तिथून दोन वायरी फुटतात आणि त्यांच्या टोकांना दोन मोनो जाड पिना, एक डाव्या स्पीकरला, एक उजव्याला. दुकानात जाड पिनेला पी-३८ म्हणतात, तसंच मागा: 'पी-३८ स्टिरिओ ते दोन पी-३८ मोनो'. मोनो पिन बॅलन्स्ड भोकात गेली की तिचा लांब दांडा कड्यालाही टेकतो, म्हणजे उलट्या सिग्नलच्या जागी शून्य जातं. वजा शून्य. गायक जागेवर.

फक्त एक लक्षात ठेवा, मोनो पिन हेडफोनच्या भोकात कधीही घालायची नाही. तिथे तो लांब दांडा उजव्या बाजूचं आउटपुट थेट ग्राउंडला बांधतो. चांगल्या ॲम्पला संरक्षण असतं, पण परीक्षा कशाला घ्या?

डाख मारता येत असेल तर स्वतः करा. दोन तारा आणि वर जाळी अशी माईकची वायर घ्यायची. झालं की मल्टिमीटर बीपवर ठेवून टोक ते टोक, कडं ते टोक, दांडा ते दांडा तपासायचं. आणि जिथे वाजायला नको तिथे वाजत नाही ना, हेही. लोक नेमकं हे दुसरं विसरतात.

कानसेन | रविवार, दुपारी २:१५

केबलचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नाही. पण इम्पिडन्सचं काय? मूळ प्रश्न तसाच आहे. ॲम्प ज्या भारासाठी बनवलाय त्यापेक्षा तीनशे पट वेगळा भार दिला तर आवाज बिघडणारच ना?

सोल्डर_तात्या | रविवार, दुपारी ४:३०

साहेब, वेगळा आहे, पण कुठल्या दिशेने? ३२ ओहमचा हेडफोन ओढणं हे जड काम. १० हजार ओहमचं इनपुट म्हणजे ॲम्पच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नाही. तांदळाचं पोतं उचलणाऱ्या हमालाच्या डोक्यावर कोथिंबिरीची जुडी दिली तर तो मोडत नाही.

इम्पिडन्स 'जुळवायचा' असतो तो रेडिओच्या अँटेनाला, टेलिफोनच्या लांब लाइनला. घरच्या ऑडिओत जुळवत नाहीत, उलट देणाऱ्याचा कमीत कमी आणि घेणाऱ्याचा निदान दहापट ठेवतात. हिशेब करा. ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहम धरला, आणि हा काही फार चांगला आकडा नव्हे, तरी १० हजार ओहमच्या इनपुटला व्होल्टेज किती कमी मिळतं? हजारात एक भाग. ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

व्हॉल्व्हवाल्यांसाठी तर आणखी गंमत. पुष्कळ व्हॉल्व्ह हेडफोन ॲम्पच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, तो एका हद्दीखालचे सूर अडवतो. समजा १०० मायक्रोफॅरडचा आहे. ३२ ओहमचा हेडफोन लावलात तर ५० हर्ट्झच्या आसपासच खर्ज उतरायला लागतो. तोच ॲम्प १० हजार ओहमच्या इनपुटला लावा, ती हद्द ०.१६ हर्ट्झवर जाते. म्हणजे बिचारा प्रीॲम्प म्हणून जास्त चांगला वाजेल!

आता प्रीॲम्प करतो काय, तेही बघू. तुमच्याकडे ५० वॅटचा पॉवर ॲम्प (स्पीकर वाजवणारा मुख्य ॲम्प) आणि ८ ओहमचे स्पीकर आहेत असं समजा. पूर्ण ५० वॅटला स्पीकरवर २० व्होल्ट लागतात. पॉवर ॲम्प साधारण २० पट वाढवतो. म्हणजे त्याच्या तोंडाशी १ व्होल्ट आला की तो पूर्ण ताकदीने वाजतो. आणि डॅक किंवा सीडी प्लेअर देतो २ व्होल्ट. आधीच दुप्पट! 'प्री' वगैरे नाव मोठं असलं तरी आजच्या घरात त्याचं मुख्य काम आवाज वाढवायचं नाही, कमी करायचं आहे. ते काम बटण करतं. सोबत इनपुट बदलायची सोय हवी, टोन हवा, रिमोट हवा, तर प्रीॲम्प घ्या, जरूर घ्या. पण इम्पिडन्सच्या भीतीने नको.

कानसेन | रविवार, रात्री ८:००

कोथिंबीर लक्षात राहील. तरी दोन गोष्टी सांगतो, त्या अनुभवाच्या आहेत.

एक, खुसखुस. हेडफोन ॲम्पला हाय-लो गेनचा (सिग्नल किती पट वाढवायचा त्याचा) खटका असतो. हाय ठेवलात तर त्याची सूक्ष्म सळसळसुद्धा पुढचा ॲम्प वीस पटीने वाढवून देतो. शांत खोलीत, आलापाच्या आधीच्या शांततेत ती टोचते. लो ठेवा.

दोन, बटण. त्याच्या आत डाव्या-उजव्या बाजूसाठी दोन वेगळे पट्टे असतात आणि सुरुवातीच्या भागात ते एकमेकांशी जुळत नाहीत. हेडफोनला बटण बाराच्या पुढे असतं म्हणून कधी कळत नाही. स्पीकरला तुम्ही घड्याळातल्या आठावर ठेवणार, आणि तबला सगळा डावीकडे.

सोल्डर_तात्या | रविवार, रात्री ८:२५

दोन्ही मुद्द्यांना शंभर टक्के अनुमोदन. तळमजला, तुमच्या मॉनिटरच्या मागे गेनची छोटी खुंटी असेल. ती दोन्हीकडे सारखीच कमी करा, म्हणजे रोजच्या ऐकण्याला पुढचं बटण दहा ते दोनच्या मध्ये येईल. पॉवर ॲम्पला अशी खुंटी नसेल तर वाटेत १० डेसिबलचे ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे जोड) टाकायचे.

मांडवीकाठ | सोमवार, सकाळी ११:२०

पणजीहून. माझ्या ॲम्पला साध्या पिनेशिवाय ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड भोकही आहे आणि त्यातून दुप्पट व्होल्टेज येतं. ४.४ ते आरसीए केबल ऑनलाइन दिसतेय. पॉवर ॲम्पला आरसीएच आहे. घेऊ?

सोल्डर_तात्या | सोमवार, दुपारी १:१०

नको! एकदम नको. साध्या हेडफोन पिनेत डाव्या-उजव्या दोघांची परतीची वाट ग्राउंडच असते. बॅलन्स्डमध्ये तसं नाही. तिथे डावा उणे आणि उजवा उणे ही स्वतः जिवंत आउटपुट आहेत, त्यांच्यामागे वेगळे ॲम्प बसलेत. आरसीएच्या बाहेरच्या कड्या पॉवर ॲम्पमध्ये एकमेकींना आणि ग्राउंडला जोडलेल्या असतात. ती केबल लावलीत की दोन जिवंत आउटपुट एकमेकांशी आणि जमिनीशी शॉर्ट. दुप्पट व्होल्टेजची तुम्हाला गरजही नाही, वरचा १ व्होल्टचा हिशेब बघा.

समोर खरंखुरं बॅलन्स्ड इनपुट असेल, तळमजलांच्या मॉनिटरसारखं, तर ४.४ मधून काढता येतं. अधिक कॅननच्या पिन २ ला, उणे पिन ३ ला, आणि उणे ग्राउंडला कुठेही टेकवायचं नाही. आरसीएला मात्र साध्या भोकातूनच.

मांडवीकाठ | सोमवार, दुपारी १:१५

कार्टमधून काढली. देव बरे करू.

पंचवटी_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९:५०

माझंही यातच घालतो. लॅपटॉप, त्याला डॅक-ॲम्प, मागच्या आरसीएतून जुना पॉवर ॲम्प. सगळं छान, पण सतत घूंऽऽऽ. बटण शून्यावर तरी घूं. केबल तीनदा बदलल्या.

सोल्डर_तात्या | सोमवार, रात्री १०:१५

चार्जर काढून बॅटरीवर लॅपटॉप चालवा. घूं थांबली का? आणि त्याच ॲम्पला टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सही जोडलेला आहे का?

पंचवटी_एक्सप्रेस | सोमवार, रात्री १०:४०

चार्जर काढून थोडी कमी झाली. सेट-टॉप बॉक्स जोडलाय. केबलवाल्याची वायर बॉक्समधून उपटली आणि एकदम शांत!! इतकी शांतता या खोलीत पहिल्यांदाच ऐकतोय. घड्याळाची टिकटिक येतेय.

सोल्डर_तात्या | सोमवार, रात्री १०:५२

ग्राउंड लूप. केबलवाल्याचं ग्राउंड गल्लीतल्या कुठल्या तरी खांबावरचं, तुमचं घरातलं. दोन्हींत थोडा फरक, तो तुमच्या ऑडिओच्या वायरीतून वाहतो. त्या वायरीवर लाइन आयसोलेटर (आवाज जाऊ देणारा, पण ग्राउंड तोडणारा जोड) बसवा आणि सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या. घूं जाते म्हणून प्लगची वरची जाड अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. ती जिवासाठी आहे, तिला हात लावू नका.

न्यूजर्सीकर | सोमवार, रात्री ११:०५

अवांतर: इकडे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे आमची घूं तुमच्यापेक्षा वरच्या पट्टीत. ५० ला षड्ज धरला तर ६० म्हणजे बरोबर कोमल गंधार. भारतातून आणलेला तानपुरा आमच्या फ्रिजशी कधीच जुळत नाही.

कानसेन | सोमवार, रात्री ११:१२

या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

नवखा_२ | मंगळवार, सकाळी ८:३०

माझ्याकडे साधे स्पीकर आहेत, आत ॲम्प नसलेले. हेडफोन ॲम्पवर '१ वॅट' लिहिलंय. पॉवर ॲम्प न घेता थेट हेडफोनच्या भोकातून चालतील का? १ वॅटमध्ये घरात पुरेसा आवाज होतो असं वाचलंय.

सोल्डर_तात्या | मंगळवार, सकाळी ९:१५

वाचलंत ते खरं, पण तो १ वॅट ३२ ओहमला आहे. तेवढ्यासाठी ॲम्प साधारण पावणेदोनशे मिलिॲम्पिअर करंट देतो. तेवढाच करंट ८ ओहमच्या स्पीकरला दिला तर हातात पडतो पाव वॅट. आवाज येईल, अगदीच नाही असं नाही. रात्री बातम्या ऐकाल. पण ढोलकीचा एक फटका आला की करंट अपुरा पडतो, आवाज फाटतो आणि डबा तापतो. इथे हमालाच्या डोक्यावर पोतं नाही, अख्खा ट्रक ठेवताय. छोटा पॉवर ॲम्प घ्या.

तळमजला | शनिवार, दुपारी १:००

धागा वर काढतोय. केबल आली, जोडली, गायक परत आले. जुनं भावगीत लावल्यावर आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, जिथे भिंतीवर कॅलेंडर आहे तिथून येतो. बाबा दोनदा उठून कॅलेंडरमागे बघून आले, खोटं नाही सांगत.

पण काल रात्री घोळ झाला. साडेबाराला हेडफोनवर ऐकत होतो, ३०० ओहम असल्याने बटण दोनच्या पुढे. झोपण्याआधी म्हटलं सकाळसाठी स्पीकर लावून ठेवू. हेडफोनची पिन काढली, स्पीकरची घातली. गाणं चालूच, स्पीकर चालूच, बटण तिथेच. आधी कर्रर्र, मग झांजांसकट अख्खं गाणं बिल्डिंगभर. आई धावत आली ती थेट गॅस बघायला गेली, तिला वाटलं सिलिंडरच. वरच्या मजल्यावरचे काका सकाळी लिफ्टमध्ये "गाणं छान होतं" एवढंच म्हणाले.

डब्याच्या मागे 'लाइन आउट' आरसीए आहे. पिना बदलायच्या भानगडीपेक्षा तिथून काढू का?

सोल्डर_तात्या | शनिवार, दुपारी २:२०

आधी बघा, पुढचं बटण फिरवल्यावर त्या मागच्या आउटपुटचा आवाज बदलतो का. काही डब्यांवर 'प्री-आउट' असतं, ते बटणाच्या ताब्यात असतं. काहींचं 'लाइन आउट' कायम पूर्ण २ व्होल्ट देतं, बटण काहीही असो. दुसऱ्या प्रकारचं थेट पॉवर ॲम्पला जोडलंत तर कालचा प्रसंग रोजचा होईल आणि एक दिवस ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा भाग) जाईल. तपासताना मॉनिटरच्या मागच्या खुंट्या पार खाली ठेवा.

आणि क्रम पाळा. चालू करताना डबा आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी. पिन बदलायची तर स्पीकर बंद.

तळमजला | शनिवार, दुपारी ३:०५

तपासलं. बदलत नाही, कायम पूर्ण. म्हणजे पुढचं भोकच बरं. आईच्या नेलपॉलिशने बटणावर स्पीकरसाठी लाल ठिपका लावलाय, अकराच्या थोडं अलीकडे.

बॅटरी_सेल | शनिवार, दुपारी ३:०९

आईला विचारून ना?

तळमजला | शनिवार, दुपारी ३:१०

तिनेच लावलाय. हेडफोनचा ठिपका मी स्वतः लावायचा असं म्हणाली.